कीटो शेकवर राहताना तब्येतीची वही कशी ठेवावी

जेवणाऐवजी कीटो शेक, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी ठेवून शरीराला चरबी जाळायला लावणारं पेय, सुरू करणारी माणसं पहिल्या दिवशी वजनकाट्यावर उभी राहतात. मीही तेच केलं होतं. गेल्या वर्षी बारा आठवडे माझं दुपारचं आणि रात्रीचं जेवण म्हणजे शेकच होता. त्या काळात मी जे जे लिहून ठेवलं, त्यात सगळ्यात कमी कामाला आलेला आकडा वजनाचा होता. खरा उपयोग झाला तो रक्तदाबाच्या आकड्यांचा, गोळ्यांच्या यादीचा आणि ‘आज कसं वाटतंय’ या रकान्यातल्या एकेका ओळीचा.

हे मी इतक्या कळकळीनं सांगते याला कारण आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत नुसती द्रवरूप प्रथिनं पिऊन वजन उतरवायची लाट आली होती. जनावरांची कातडी आणि हाडांपासून काढलेलं हलक्या प्रतीचं प्रथिन, खनिजं अपुरी, आणि दिवसाला मोजक्या तीन-चारशे कॅलरी. १९७७-७८ या काळात त्यातले सुमारे ६० मृत्यू नोंदले गेले. बरेचसे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडून झाले. वजन मात्र या लोकांचं झपाट्यानं उतरत होतं. आजचे शेक त्या मानानं कितीतरी चांगले आहेत, त्यांत जीवनसत्त्वं आणि खनिजं घातलेली असतात. पण वजनकाटा तेव्हाही धोका दाखवत नव्हता आणि आजही दाखवत नाही.

डबा उघडण्याआधी: गोळ्या

एका कागदावर रोजच्या सगळ्या गोळ्या लिहा, नाव आणि मिलिग्रॅमसकट, आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. शेक पहिल्या दिवसापासून कर्बोदकं तोडतो, म्हणजे औषधाची गरजही पहिल्याच दिवसापासून बदलते.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर धोकादायकपणे खाली जाऊ शकते. आपल्याकडे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड बऱ्याचदा एकाच गोळीत असतात, त्यामुळे ‘मी फक्त मेटफॉर्मिन घेतो’ म्हणणाऱ्यांनीही पाकिटाची मागची बाजू वाचावी. सर्वांत जपायचं ते डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्यांबाबत. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यांच्या जोडीला कीटो आहार आला तर रक्त आम्लधर्मी होण्याचा, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका वाढतो, आणि अशा वेळी ग्लुकोमीटरवर साखर जवळपास ठीकच दिसू शकते. ही गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता शेक सुरू करू नका.

रक्तदाबाच्या गोळीचंही तेच. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या शरीरात पोटॅशियम राखून ठेवतात. बऱ्याच शेकमध्ये पोटॅशियम भरपूर असतं, त्यात कोणी ‘कमी सोडियमचं’ मीठ वापरत असेल तर त्यातही पोटॅशियमच असतं. तिन्ही मिळून पातळी नको तितकी चढू शकते.

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, टाइप १ मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली माणसं, किंवा खाण्याशी बिघडलेलं नातं एकदा भोगलेली माणसं, यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनानं करूच नये. अगदी एक आठवडासुद्धा नाही.

पहिली रक्ततपासणी शेकच्या आधी

ही पायरी लोक हमखास गाळतात. तीन महिन्यांनी युरिक अ‍ॅसिड वाढलेलं दिसतं आणि आधी किती होतं ते कुणालाच ठाऊक नसतं. सुरू करण्याआधीच्या आठवड्यात हे करून घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि रक्तातली चरबी), यकृताच्या तपासण्या, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम, युरिक अ‍ॅसिड, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. हृदयाचा काही इतिहास असेल तर ईसीजी.

पुढच्या प्रत्येक वेळी लॅब तीच ठेवा आणि उपाशी राहण्याचे तासही तेवढेच, दहा ते बारा. याचा धडा मला सहाव्या आठवड्यात मिळाला. आदल्या रात्री पाहुणे होते, माझा शेक लांबला. साडेअकराला साय घातलेला मोठा पेला प्यायले आणि सकाळी सातला रक्त देऊन आले. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, एवढी वर गेली होती की डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी वही पुढे केली. त्यांनी आदल्या रात्रीच्या ओळीवर बोट ठेवलं, ‘साडेअकरा, साय’, आणि रिपोर्ट बाजूला सारला. नीट बारा तासांनी पुन्हा रक्त दिलं तेव्हा आकडा जागेवर होता. बऱ्याच लॅब एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) थेट मोजत नाहीत, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करून काढतात. म्हणजे ट्रायग्लिसराइड्स चुकली की एलडीएलही चुकलंच.

वही

मोबाइलवरची अ‍ॅप्स चांगली असतात. मी मात्र शंभर पानी वही घेतली, कारण ती स्वयंपाकघरात ओट्यावर उघडी राहते आणि ओल्या हातानंही लिहिता येतं. रकाने सातच: वजन, रक्तदाब, साखर, शेक (किती वाजता, किती स्कूप, वरून काय घातलं), पाणी आणि मीठ, पोट साफ झालं का, आणि कसं वाटतंय. कंबर आठवड्यातून एकदा.

‘वरून काय घातलं’ हे विसरू नका. काही कीटो पावडरींमध्ये प्रथिनं आणि खनिजं असतात, स्निग्ध आपलं आपण घालायचं असतं. बाजारात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, घरच्या सायीचा नेम नाही, नारळाचं दूध दाट की पातळ यावर सगळं बदलतं. डब्यावर छापलेल्या कॅलरी या भरीशिवायच्या असतील तर तुमचा हिशेब निम्म्यावर चुकेल.

वजन रोज बघायचं असेल तर सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही प्यायच्या आधी. पण विचारात घ्यायची ती आठवड्याची सरासरी. पाळीच्या आधी दीड किलो चढलेलं बघून मन खट्टू करून घेऊ नका. कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात आणि घरभर आनंद होतो. त्यातला बराचसा भाग पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. साठा संपला की तेही जातं. त्याचबरोबर इन्सुलिनची पातळी खाली येते, आणि मूत्रपिंडं सोडियम जास्त बाहेर टाकू लागतात. डोकं ठणकणं, गळून जाणं, रात्री पोटऱ्यांत गोळे येणं हे सगळं बहुतेक वेळा तिथून येतं.

चौथ्या दिवशी मी पिठाचा डबा काढायला खाली वाकले आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ओट्याला धरून उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, “अगं, काही खात नाहीस, दुसरं काय होणार? निदान ताक तरी घे.” त्यांनी पातळ ताकात मीठ आणि जिरेपूड घालून पेला हातात दिला. अर्ध्या तासात बरं वाटलं, पण मी तेवढ्यावर थांबले नाही. बसून रक्तदाब घेतला, मग उभी राहून तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० नं पडला होता. इतका फरक पडला की डॉक्टरांना कळवायचं असतं, म्हणून त्याच संध्याकाळी फोन केला आणि माझी रक्तदाबाची गोळी निम्मी झाली. ही दोन वेळची मोजणी, बसून आणि उभं राहून, पहिले पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ करा. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर, आणि अर्धा तास आधी चहा-कॉफी नाही.

मीठ वाढवावं का, हे रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांनाच विचारावं. बाकीच्यांना ताक, मीठ घातलेलं कोकमाचं बिनसाखरेचं सार, साधं मिठाचं कोमट पाणी चालतं. ताकातली कर्बोदकं थोडी असली तरी लिहून ठेवा. एक गोष्ट आवर्जून सांगते: सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, आणि त्यात पुरेसं आयोडीन बहुधा नसतं. घरातलं आयोडीनयुक्त मीठ सोडून पूर्णपणे सैंधवावर जाणार असाल तर शेकच्या डब्यावर आयोडीन आहे का ते पाहा.

कीटोन मोजायचे कसे

चरबी जळताना शरीरात कीटोन तयार होतात. ते दाखवणाऱ्या लघवीच्या पट्ट्या स्वस्त असतात आणि सुरुवातीला गडद जांभळ्या होतात. काही आठवड्यांनी त्यांचा रंग फिका पडतो आणि माणूस घाबरून शेक आणखी कडक करतो. तसं करू नका. पट्टी अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट हा एकच प्रकार दाखवते, आणि शरीर सरावलं की तो लघवीत कमी सांडतो. रक्तातला बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हा कीटोन मोजणारा मीटर जास्त विश्वासाचा. त्यावर ०.५ ते ३ मिलीमोल ही आहारातून येणाऱ्या कीटोसिसची, म्हणजे रक्तात कीटोन वाढलेल्या अवस्थेची, नेहमीची पातळी. त्या पट्ट्या महाग पडतात, म्हणून आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, तेही ठरावीक वेळी, पुरेसं आहे. जास्त आकडा म्हणजे जास्त चरबी जळते असं मुळीच नाही.

टोचण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. बोटाला शेकचा किंवा फळाचा अंश राहिला तरी साखर खोटी वाढलेली दिसते. बोटाच्या कडेला टोचा, मध्यभागी दुखतं.

ग्लुकोमीटरचा आणखी एक सुंदर उपयोग आहे: डब्याची परीक्षा. शेक प्यायच्या आधी, एका तासानं आणि दोन तासांनी साखर मोजा. ‘कीटो’ लिहिलेल्या शेकनं ती ४०-५० नं चढली, तर घटकांच्या यादीत साखर चढवणारं माल्टोडेक्स्ट्रिन किंवा माल्टिटॉल शोधा. ‘नेट कार्ब’, म्हणजे एकूण कर्बोदकांतून तंतू वगैरे वजा करून उरलेला आकडा, कंपनीच्या वजाबाकीवर ठरतो, तुमच्या रक्तातला आकडा तुमचा असतो. प्रथिनांचाही हिशेब असाच दिवसाचा करा. आयसीएमआर-एनआयएनची (राष्ट्रीय पोषण संस्थेची) २०२०ची शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅमची आहे. वजन उतरवताना स्नायू जपायला याहून थोडं जास्त लागतं, आणि त्याखाली तर जाऊच नये.

सहा आठवडे, मग तीन महिने

सहाव्या आठवड्यात लिपिड, यकृत, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि युरिक अ‍ॅसिड पुन्हा करा. एचबीएवनसी तीन महिन्यांनी, कारण तो साधारण तेवढ्याच काळाची सरासरी सांगतो.

युरिक अ‍ॅसिड सुरुवातीला वाढू शकतं: कीटोन आणि युरिक अ‍ॅसिड दोघांनाही मूत्रपिंडातून बाहेर पडायचं असतं आणि कीटोन वाट अडवतात. अंगठ्याचा सांधा सुजून लाल झाला तर वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. मूतखडा आणि पित्ताशयातले खडे यांचीही शक्यता वाढते, पहिला कीटो आणि कमी पाण्यानं, दुसरे भराभर वजन उतरल्यानं. एलडीएल काही जणांचं खूप वाढतं. वजन उतरत असताना तो काही काळ वर राहू शकतो हे खरं, पण म्हणून दुर्लक्ष करायचं नाही. स्निग्धाचा प्रकार बदलून, साय आणि बटर कमी करून, सहा आठवड्यांनी परत तपासा, आणि तरीही वर असेल तर शेकपेक्षा हृदय महत्त्वाचं.

केस साधारण दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात. घाबरून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेतल्या जातात, आणि त्या टीएसएचसारख्या तपासण्यांचे आकडे बिघडवतात. घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. रक्त देण्याआधी किती दिवस बंद ठेवायच्या ते तेच ठरवतील.

वही मिटून दवाखाना

सतत मळमळ-उलटी, पोटात दुखणं, धाप लागणं, श्वास खोल आणि जलद होणं, गुंगी, छातीत धडधड किंवा भोवळ येऊन पडणं यांपैकी काहीही झालं तर शेक बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर, रात्र असेल तर इमर्जन्सी. कीटोन ३च्या वर आणि बरं वाटत नाही, एवढंही पुरेसं आहे. साखर ठीक दिसते म्हणून वाट पाहू नका, विशेषतः वर सांगितलेल्या गोळ्या चालू असतील तर. ताप, जुलाब किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तेव्हाही हेच.

जेवणावर परत येताना

शेक सोडला तरी वही महिनाभर चालू ठेवा. पहिल्या चार-पाच दिवसांत एक-दोन किलो परत चढतात. ते ग्लायकोजेनसोबत आलेलं पाणी असतं. आधी एक जेवण, भाजी-आमटी आणि एखादी ज्वारीची भाकरी, आठवडाभरानं दुसरं. बदललेल्या गोळ्यांचा डोस परत डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण साखर आणि रक्तदाब आता पुन्हा वर सरकणार आहेत.

मी पहिल्यांदा वरणभात खाल्ला त्या दुपारी दोन तासांनी साखर मोजली आणि आकडा पाहून धस्स झालं. पण कर्बोदकांची सवय सुटलेलं शरीर पहिले काही दिवस असंच वागतं. म्हणूनच ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी लगेच करून घेऊ नका. आधी निदान तीन दिवस रोज १५० ग्रॅमहून जास्त कर्बोदकं पोटात जाऊ द्या, मग करा. मी पाचव्या दिवशी तेवढ्याच भातानंतर पुन्हा मोजली. आकडा उतरला होता, आणि तो शेवटच्या पानावर सासूबाईंनी त्यांच्या अक्षरात लिहिला.