स्लो कुकरमधलं चॉकलेट फॉन्ड्यू : दूध थोडं घालू नका, भरपूर घाला

बेळगावात डिसेंबरची थंडी पडली आणि बाजारात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी दिसू लागली की आमच्या घरी स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं, माळ्यावरून खाली येतो. गेली कित्येक वर्षं एकतीस डिसेंबरला गल्लीतली सगळी पोरं आमच्याकडे फॉन्ड्यू खायला जमतात. फॉन्ड्यू म्हणजे गरम, वितळलेल्या सॉसमध्ये काडीला टोचलेले तुकडे बुडवून खायचे. हा पदार्थ मुळात स्विस. नाव फ्रेंच, अर्थ ‘वितळवलेलं’. तिकडे ते चीजचं करतात. चॉकलेटचं फॉन्ड्यू रुळलं ते १९६०च्या दशकात, न्यूयॉर्कमधल्या एका स्विस रेस्टॉरंटातून.

आठ-दहा जणांसाठी ४०० ग्रॅम डार्क चॉकलेट, २५० मिली फ्रेश क्रीम आणि पाव वाटी दूध पुरतं. वर चिमूटभर मीठ. व्हॅनिला असेल तर अर्धा चमचा.

चॉकलेट घेताना पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, लिहिलेलं असेल तरच घ्या. बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानात स्वस्त लादी हातात देतात, ती बहुतेक वेळा कंपाउंड असते. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तूप असतं. वितळायला ती सोपी, पण खाल्ल्यावर टाळूला मेण चिकटल्यासारखं वाटतं. केकवर घालायची असेल तर घाला बापडे, फॉन्ड्यूला नको. इथे चॉकलेटशिवाय दुसरं काही नसतंच.

कुकर लहान असावा, दीड-दोन लिटरचा. मोठ्या भांड्यात चॉकलेटचा थर पातळ पसरतो आणि कडेला करपतो. परदेशातल्या नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला असेल तर तो ११०-१२० व्होल्टचा असतो. आपल्या प्लगात थेट लावाल तर जळेल.

आता खरी अडचण. बहुतेक ठिकाणी सांगतात, ‘चॉकलेट आधी एकटं वितळवा, मग लागेल तसं चमचा-दोन चमचे दूध घाला.’ हा सल्ला ऐकू नका. मी पहिल्या वर्षी ऐकला होता. चॉकलेट छान वितळलं, आरशासारखं चमकायला लागलं. मग फ्रिजमधलं दोन चमचे दूध घातलं आणि ढवळलं. अर्ध्या मिनिटात चमक गेली. कडेने गुठळ्या धरल्या, मग सगळा ऐवज एकाच गोळ्यात आवळला, ओल्या मातीसारखा, रवाळ. चमचा सोडला तर उभाच राहिला. बाहेर पोरं काड्यांना स्ट्रॉबेरी टोचून बसली होती आणि मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

चॉकलेट म्हणजे तुपासारख्या कोको बटरमध्ये तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. त्यात पाणी जवळजवळ नसतंच. दोन थेंब पाणी, अगदी दुधातलंही, पडलं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. पण पाणी पुरेसं असेल तर तीच साखर त्यात विरघळते, चरबी आणि पाणी एकजीव होतं आणि गुळगुळीत सॉस तयार होतो. म्हणून अगदी थोडं पाणी चॉकलेट बिघडवतं आणि भरपूर पाणी ते सावरतं. माझा हिशोब असा: दर ६० ग्रॅम चॉकलेटला निदान मोठा चमचाभर, म्हणजे १५ मिली पातळ पदार्थ हवाच, आणि तोही सुरुवातीपासून. वर दिलेल्या प्रमाणात तो त्याहून जास्तच आहे, म्हणून निर्धास्त राहा.

त्या दिवशी मला आत्यानं वाचवलं. ती कुंदा करणारी बाई, दूध आटवण्यात आयुष्य गेलेलं. भांड्यात एकदा डोकावली आणि म्हणाली, ‘अगं, आवळलंय की ते. ऊन दूध घाल चमचा चमचा, आणि घोटत राहा. सोडू नकोस.’ पहिल्या दोन चमच्यांना गोळा आणखीच घट्ट झाला. तिथेच लोक हात टेकतात आणि सगळं टाकून देतात. चौथ्या-पाचव्या चमच्याला तो सैल पडला, कडेने पुन्हा चकाकी आली. रवाळपणा कुंद्यात शोभतो, इथे नाही. पूर्ण जाईपर्यंत घोटा. दूध मात्र ऊनच हवं.

तर क्रम असा. भांडं कोरडं पुसा. आधी क्रीम आणि दूध ओता, त्यावर चॉकलेट हरभऱ्याच्या डाळीएवढं बारीक चिरून पसरा. कुकर ‘लो’वर. अर्धा-पाऊण तास, दर दहा मिनिटांनी तळापासून ढवळा.

‘हाय’वर ठेवून वेळ वाचवू नका. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणूनच चॉकलेट तोंडात विरघळतं; त्याला उकळी लागत नाही. आणि ‘लो’ म्हणजे कायमचं सौम्य, असंही नव्हे. बहुतेक कुकर ‘लो’वरही शेवटी उकळीच्या जवळ पोचतात, फक्त उशिरा. म्हणून चॉकलेट वितळलं की लगेच ‘वॉर्म’वर आणा. ते बटण नसेल तर कुकर बंद करा. चिनी मातीचं भांडं बराच वेळ ऊब धरतं, मध्येच दिवे गेले तरी पंगत थांबत नाही. दाटायला लागलं की दहा मिनिटं परत चालू करा. कडेला तेल सुटलेलं दिसलं तर ते जास्त तापलंय. बंद करून ऊन दूध घालून घोटा.

झाकण ठेवायचं असेल तर त्याखाली सुती फडकं ताणून बांधा, म्हणजे वाफेचं पाणी आत ठिबकून फॉन्ड्यू पातळ होणार नाही. त्याची टोकं वर झाकणावर गुंडाळा, कुकरच्या गरम अंगाला लागू देऊ नका.

बुडवायला केळी, स्ट्रॉबेरी, खारी, टोस्ट, साधा केक. फळं धुऊन अगदी कोरडी करा. ओल्या स्ट्रॉबेरीवर चॉकलेट धरतच नाही, घसरून पडतं. आमच्याकडची खरी गंमत गोकाकच्या करदंटाची. त्याचे छोटे तुकडे करून बुडवा. गूळ आणि डिंकाची ती चिवट गोडी कडवट चॉकलेटमध्ये फार सुरेख लागते. कुंदा मात्र बुडवू नका, दोन्ही वाया जातात.

उरलं तर डब्यात भरून फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. खाताना चमचाभर दूध घालून मंद गरम करा. भांडं गरम असताना गार पाणी ओतू नका, तडा जातो. आधी कागदानं निपटून घ्या, निवल्यावर कोमट पाण्यानं धुवा.