उचलीपायी माणूस डांबून ठेवलाय? आधी हे करा

ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटली नाही म्हणून मुकादमाला (टोळीच्या म्होरक्याला) किंवा टोळीतल्या कुणाला कोंडून ठेवलं, की घरचे पैशांच्या जुळवाजुळवीला लागतात. त्याआधी ११२ ला फोन करा.

१ जुलै २०२४ पासून हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली येतो. जुन्या भारतीय दंड संहितेतलं (आयपीसी) कलम ३४२ ते हेच. कुलूप हवंच असं नाही. दाराशी माणसं बसवून ‘बाहेर पाऊल टाकलंस तर हातपाय मोडू’ म्हटलं तरी ते डांबणंच. फिर्यादीत मात्र नुसतं ‘अडवलं’ लिहू नका. एक वाट अडवणं कलम १२६ मध्ये बसतं आणि त्याला जास्तीत जास्त महिनाभराची कैद आहे. ‘कुठूनच बाहेर पडता येत नव्हतं’ असं स्पष्ट लिहा.

पोलीस ठाण्यात हमखास ऐकायला मिळतं, “देवाणघेवाणीचं आहे, कोर्टात जा.” तिथे कलम १२७ चं पोटकलम ८ दाखवा. येणं वसूल करायला माणूस डांबला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, मग ते येणं खरं असलं तरी. उचल बुडाली असेल तर ती देणाऱ्या वाहतूकदाराला दिवाणी दावा मोकळा आहे. माणूस कोंडायचा हक्क त्याला कुणी दिलेला नाही. ‘पैसे आणा, माणूस न्या’ असा फोन आला असेल तर ते वाक्य जसंच्या तसं फिर्यादीत घाला आणि रेकॉर्डिंग मूळ फोनमध्येच राहू द्या.

तारखेसोबत वेळही लिहा, कारण शिक्षा दिवसांवर ठरते. एरवी एक वर्षापर्यंत कैद, तीन दिवस भरले की तीन वर्षांपर्यंत, दहा दिवस भरले की पाच वर्षांपर्यंत आणि किमान १०,००० रुपये दंड. ‘गेल्या आठवड्यात नेलं’ एवढंच लिहिलं तर हा हिशेब कोलमडतो.

बीडकडून माणूस गाडीत घालून कोल्हापूरकडे आणला असेल तर बीडकडच्याच ठाण्यात झिरो एफआयआर (गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी नोंदवता येणारी फिर्याद) होते. नकार मिळाला तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा.

माणूस अजून आतच असेल तर एफआयआरवर विसंबून बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली प्रांतांकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे) किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे झडतीच्या वॉरंटचा अर्ज द्या. ‘कागलकडे कुठंतरी’ एवढ्यावर पोलीस झडती कुठे घेणार? गाव, मळा किंवा गोडाऊन, गाडी नंबर, मोबाइलचं शेवटचं लोकेशन, जे असेल ते द्या. तेवढ्यानेही भागलं नाही तर उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची, म्हणजे डांबलेला माणूस कोर्टापुढे हजर करायला लावणारी, याचिका आहे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. सुटकेचा आदेश निघालाय हे माहीत असूनही कुणी माणूस सोडला नाही, तर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद.

सुटका झाली की त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी करून घ्या. खोलीत कोऱ्या स्टॅम्पवर किंवा चेकवर सही घेतली असेल तर ते पहिल्याच जबाबात सांगा. मागाहून सांगितलं तर समोरचा वकील ते बनाव ठरवायला बघतो.