दोन फाइली एकमेकींना इम्पोर्ट करतात तेव्हा

दुकानाच्या हिशोबाचा पायथन प्रोग्राम. एका फाइलीत 'बिल' क्लास, दुसरीत 'साठा'. बिलाला साठ्यातली मेथड हवी, साठ्याला बिलातली. म्हणून दोन्हीकडे वरच फ्रॉम-इम्पोर्ट, म्हणजे दुसऱ्या फाइलीतला क्लास नावाने आणणारी ओळ. चालवल्यावर एरर आला: 'पार्शली इनिशिअलाइज्ड मॉड्यूल'मधून (अर्धवट लोड झालेल्या फाइलीतून) 'बिल' हे नाव इम्पोर्ट करता येत नाही.

भानगड अशी: पायथन मॉड्यूलची (म्हणजे फाइलीची) नोंद सिस.मॉड्यूल्स या लोड झालेल्या मॉड्यूलच्या यादीत आधी करतो, आतला कोड नंतर ओळीओळीने चालवतो. बिलची फाइल पहिल्याच ओळीवरून साठ्याकडे गेली, साठा उलट बिलकडे आला, तर तिथे क्लासचा अजून पत्ताच नाही.

नेटवर लगेच सुचवतात की इम्पोर्ट फंक्शनच्या आत टाका. चालतं, पण मला ते ठिगळ वाटतं. नीट पाहिलं तर साठ्याला 'बिल' क्लास नकोच होता, तयार ऑब्जेक्ट, म्हणजे त्या क्लासपासून बनलेलं एक प्रत्यक्ष बिल, हवा होता. ऑब्जेक्ट हातात असला की त्याची मेथड बोलवायला क्लास इम्पोर्ट करावा लागत नाही. म्हणून साठ्यातला इम्पोर्ट उडवला आणि 'वजा_करा' मेथडला बिलाचा ऑब्जेक्ट पॅरामीटर म्हणून दिला. बिलच्या बाजूने हाक फक्त 'साठा.वजा_करा(सेल्फ)' एवढीच.

टाइप हिंट (पॅरामीटर कोणत्या क्लासचा आहे ही नोंद) हवी असेल तर तो इम्पोर्ट 'इफ टाइप_चेकिंग'खाली, म्हणजे प्रोग्राम चालताना वगळल्या जाणाऱ्या भागात, ठेवा आणि हिंटमधलं क्लासचं नाव अवतरणात लिहा.