कॉलेजच्या सुट्टीतली पहिली क्रूझ: नेरूळहून निघणाऱ्यांसाठी

माझा धाकटा भाऊ आणि त्याचे चार मित्र येत्या मार्चमध्ये, होळीला जोडून, मुंबई-गोवा-मुंबई क्रूझला निघालेत. सगळे नेरूळ-सीवूड्सचे, सगळे तिसऱ्या वर्षाला. गेले दोन आठवडे रोज रात्री त्यांच्यातलं कुणीतरी आमच्या हॉलमध्ये बसून मला विचारतं, "ताई, कपडे किती न्यायचे? ताई, तिथे रेंज येते का?" मी २०२३ च्या मार्चमध्ये, शेवटच्या वर्षाला असताना, याच मार्गावर तीन रात्री गेले होते. आम्ही चौघी मैत्रिणी होतो. तेव्हा आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढते.

सगळ्यात आधी हे ठरवा की तुम्हाला गोवा हवाय की जहाज. गोवा हवा असेल तर ठाण्याहून किंवा पनवेलहून रात्रीची कोकणकन्या पकडा, सकाळी मडगाव. क्रूझवर गोवा तुमच्या वाट्याला जेमतेम काही तास येतो. बाकीचा सगळा वेळ जहाजावर जातो: खाणं, डेकवर लोळणं, रात्रीचे कार्यक्रम आणि चारी बाजूंना पाणी. आमच्यातल्या एकीला हे माहीतच नव्हतं. ती बागा बीचच्या तयारीने आली होती आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हिरमुसलेलीच होती.

आता पैसे. जाहिरातीत दिसतो तो आकडा साधारणपणे एका केबिनमध्ये दोघं धरून माणशी असतो, आणि त्यात बंदराचं शुल्क, सेवाशुल्क, जीएसटी बहुतेक वेळा धरलेले नसतात. आम्ही पाहिलेला आकडा माणशी २२,००० च्या आसपास होता, प्रत्यक्षात भरले २९,०००. घरी सांगताना शेवटचा आकडाच सांगा. अर्धा सांगून नंतर पुन्हा मागायची वेळ आली की फार कानकोंडं होतं. चौघांनी एक केबिन घेतली तर माणशी खर्च कमी होतो. दोन पलंग खाली, दोन वर, भिंतीतून उघडणारे. खोली लहान असते. चार बॅगा उघडल्या की पाय ठेवायला जागा राहत नाही, म्हणून एकेकच बॅग न्या, चाकांची नको, मऊ आणि दुमडता येणारी, पलंगाखाली सरकवता येते. बाल्कनीच्या केबिनवर पैसे घालू नका. कॉलेजच्या वयात कुणी खोलीत थांबत नाही, आणि समुद्र डेकवरून फुकट दिसतो. बिनखिडकीची केबिन पुरते. फक्त ती जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर मागा. जहाज टोकांना जास्त हलतं, मध्ये कमी. वर जास्त, खाली कमी.

वरखर्चाचं वेगळं गणित करा. नाश्ता आणि दोन वेळचं जेवण भाड्यात असतं, आमच्या जहाजावर जैन जेवणाचीही सोय होती. पण कॅफेमधली कॉफी, काही खेळ, फोटो, वायफाय, किनाऱ्यावरची सहल हे सगळं वेगळं. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीचं कार्डच सगळीकडे घासायचं, त्यामुळे खर्च होतोय हे जाणवत नाही. आम्ही रोज रात्री झोपण्याआधी रिसेप्शनवर जाऊन चौघींचं बिल बघायचो. तुम्हीही बघा.

माझ्या बाबांनी आधी सरळ नाही म्हटलं होतं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या क्रूझवर अमली पदार्थांसाठी धाड पडली होती, त्या बातम्या त्यांच्या डोक्यात पक्क्या होत्या. त्यांची भीती मला चुकीची वाटली नाही, आजही वाटत नाही. मी त्यांच्यासमोर बसून तिकीट, केबिन नंबर, सोबतच्या तिघींच्या आईवडिलांचे फोन आणि परत येण्याची वेळ एका कागदावर लिहून फ्रिजवर लावली. भावानेही तेच करावं. आणि तुमच्या ग्रुपमधला कुणी "थोडंसं सोबत घेऊ" म्हणाला, तर त्याला सोबत घेऊ नका. सामान स्कॅनरमधून जातं, पण प्रश्न नुसता पकडलं जाण्याचा नाही. एकाच्या बॅगेत सापडलं की केबिनमधल्या चौघांची चौकशी होते. दारूचंही सांगते. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. तुमच्यातला एकही पंचविशीचा नाही. बाहेरची बाटली जहाजावर नेता येत नाही, गोव्यात स्वस्त मिळाली तरीही नाही.

बोट लागण्याबद्दल तुम्ही सगळ्यात कमी विचारलंत, म्हणून मी सगळ्यात जास्त सांगते. ज्याला घाटात गाडी लागते त्याला बोट लागणार असं धरून चाला. कानाच्या आतल्या भागाला हलणं कळतं, डोळ्यांना मात्र खोलीच्या स्थिर भिंती दिसतात. दोघांचं जुळत नाही आणि पोटात कालवायला लागतं. म्हणून मळमळ सुरू झाली की खोलीत जाऊन आडवं होण्याआधी उघड्या डेकवर या आणि लांब, आकाश आणि पाणी टेकतात त्या रेषेकडे बघत राहा. फोनमध्ये डोकं घालू नका. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून आधीच आणून ठेवा. ती त्रास सुरू व्हायच्या आधी, निघण्यापूर्वी तासभर घ्यायची असते. झोप येते तिने, आणि ती घेतल्यावर दारू अजिबात नाही. माझ्या आईने आलेपाकाच्या वड्या दिल्या होत्या, त्या चौघींनी तीन दिवस चघळल्या. पोट रिकामं ठेवू नका, आणि पहिल्या रात्री बुफेवर तुटूनही पडू नका. मार्चमध्ये समुद्र बराच शांत असतो. मे संपत आला, पावसाळा जवळ आला की पाणी खवळायला लागतं, म्हणून परीक्षेनंतर जाऊ असं म्हणणाऱ्यांना मी सांगते, होळीलाच जा.

निघायच्या दिवशी. वेब चेक-इन घरीच करा, आधारकार्ड मूळ घ्या, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. नेरूळहून हार्बर लोकलने सीएसएमटी, पुढे बॅलार्ड पिअर या धक्क्यापर्यंत टॅक्सी, अंतर अगदी थोडं. पण दिवस रविवार असेल तर मेगाब्लॉक आदल्या रात्रीच तपासा. आम्ही तपासला नव्हता. कुर्ल्याला उतरून, बॅगा डोक्यावर घेऊन, मेन लाइनच्या गर्दीत शिरावं लागलं होतं. तुम्ही पाच जण आहात, मोठी कॅब करून उलव्याच्या बाजूने अटल सेतूवरून गेलात तर शिवडीला उतराल. कारला टोल लागतो, पण पाच जणांत वाटला की काहीच नाही. ठाण्याहून कुणी निघणार असेल तर त्याने फास्ट लोकलच घ्यावी. बॅलार्ड पिअरला आता नवं क्रूझ टर्मिनल झालंय, सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आमच्या वेळचं प्रवेशद्वार आठवणीने सांगण्यात अर्थ नाही, तिकिटावर लिहिलेलं गेट बघा.

मोठी बॅग बंदरावरच घेतात आणि खोलीपर्यंत पोचायला तिला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून पाठीवरच्या सॅकमध्ये औषधं, चार्जर, ओळखपत्र, पोहण्याचे कपडे आणि एक टीशर्ट ठेवा. इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्ती, चाकू काढून घेतात. जहाजावर आगीइतकं कशालाच घाबरत नाहीत. घरचा डबाही बहुतेक आत जात नाही. आईला हे आधी सांगा, नाहीतर ती पहाटे उठून थालीपिठं करेल आणि ती गेटवर ठेवून जावं लागेल.

आणि आता ते, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले. जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यावर लगेच आणीबाणीची कवायत होते. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज, आणि सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. कोस्टा काँकॉर्डिया हे जहाज जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्यातल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोपर्यंत झालेलीच नव्हती. त्यानंतर जगभरचा नियम बदलला. तरी कॉलेजची मुलं याच वेळी सेल्फी काढत असतात, मी पाहिलंय.

माझी आजी अलिबागकडची. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिच्या वाडीतली माणसं त्या बोटीत होती. मी क्रूझला जाते म्हटल्यावर ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. निघताना मात्र जवळ घेऊन म्हणाली, "आधी त्या जाकिटाची जागा बघ, मग काय ते नाच." मी खोलीत शिरल्याबरोबर कपाट उघडून लाइफ जॅकेटं मोजली. चार होती. मग खोलीपासून आमच्या जमण्याच्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालून आले, लिफ्टने नाही, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते. एकूण पाच मिनिटं लागली. तुम्ही पाचही जणांनी हे करायचं आहे, आणि करून झालं की मला मेसेज करायचा आहे. रेंज असेपर्यंत होतं ते.

मग मात्र वरच्या डेकवर जा आणि तिथून हलू नका. जहाज धक्क्यापासून सुटतं ते इतकं हळू की आधी वाटतं मुंबईच सरकतेय. डाव्या बाजूला घारापुरी आणि उरणचे डोंगर, उजवीकडे गेट वे आणि ताज, मग कुलाब्याच्या टोकापुढे पाण्यात उभा प्राँग्ज दीपस्तंभ. लोकलच्या दारातून वाशीची खाडी रोज पाहिलेली असते, पण आपलं शहर समुद्राकडून पाहणं वेगळं. माझी आजी कोकणातून बोटीने मुंबईला यायची तेव्हा तिला शहर असंच, पाण्यातून वर येताना दिसत असेल, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

किनारा दिसतोय तोवर घरी फोन करून घ्या आणि लगेच एअरप्लेन मोड लावा. जमीन लांब गेली की फोन जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो, त्याचे दर नेहमीच्या रोमिंगपेक्षा कितीतरी जास्त. आमच्यातल्या एकीचा पोस्टपेड फोन रात्रभर चालू राहिला आणि महिन्याच्या शेवटी तिच्या वडिलांच्या हातात बिल पडलं. ठरलेली भेटीची जागा ठेवा. आम्ही रोज आठ वाजता मोठ्या जिन्यापाशी भेटायचो, जी आली नाही तिला शोधायला दोघी जायच्या. मुलींना एक जास्तीचं सांगते: नव्याने ओळख झालेल्यांशी गप्पा मारा, नाचा, पण खोलीचा नंबर सांगू नका आणि खोलीचं कार्ड टेबलवर टाकून उठू नका. कठड्यावर बसून फोटो काढण्याचा मोह कुणालाही झाला तर त्याला दोघांनी धरून खाली उतरवा. रात्री पाण्यात पडलेला माणूस सापडणं जवळजवळ अशक्य असतं.

गोव्यात जहाज मुरगाव बंदरात, म्हणजे वास्कोजवळ लागतं. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. आम्ही हौसेने पणजी, जुन्या गोव्याचं बॉम जीझस चर्च, शिवाय मिरामारचा किनारा असा बेत केला, आणि परत येताना रस्त्यात गाड्यांची रांग. गँगवे, म्हणजे जहाजावर चढायचा पूल, उचलायला वीस मिनिटं उरली असताना पोचलो. एक मैत्रीण टॅक्सीत रडत होती. सुटण्याची वेळ आणि परत चढण्याची शेवटची वेळ या दोन वेगळ्या वेळा असतात, तुम्ही दुसरी हातावर लिहा. जहाज कुणासाठी थांबत नाही. मला पुन्हा जायला मिळालं तर मी बोगमाळ्याला जाईन, बंदरापासून जवळ आहे, शांतपणे मासे-भात खाईन आणि परत येईन.

अमेरिकेत शिकणाऱ्यांनाही दोन शब्द, कारण आमच्या सोसायटीतच अशी तीन मुलं आहेत. तिथे मार्चमध्ये कॉलेजांना आठवडाभर स्प्रिंग ब्रेक असतो आणि मायामी, पोर्ट कॅनव्हेरलहून बहामाजकडे जाणारी जहाजं विद्यार्थ्यांनी भरलेली असतात. फ्लोरिडातली माझी मावसबहीण गेली होती. तिथल्या बऱ्याच कंपन्यांमध्ये २१ पेक्षा लहान असाल तर केबिनमध्ये सोबत मोठं माणूस लागतं, आणि मोठं म्हणजे किती वर्षांचं, हे कंपनीगणिक बदलतं. बुकिंगआधी वाचा. अमेरिकन मित्रांना जन्मदाखल्यावर जाता येतं म्हणून तुम्हालाही जाता येईल असं नाही: तुम्हाला पासपोर्ट, पुन्हा देशात शिरण्यासाठी चालणारा व्हिसा आणि आय-ट्वेंटीवर, म्हणजे कॉलेज परदेशी विद्यार्थ्याला देतं त्या कागदावर, कॉलेजची प्रवासाची सही लागते. ती सही दोन आठवडे आधी घ्या, ब्रेकच्या आदल्या दिवशी ऑफिसबाहेर रांग असते.

शेवटच्या रात्री मोठी बॅग दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी घालायचे कपडे आणि चप्पल बाहेर काढून ठेवायला विसरू नका, आमच्या शेजारच्या केबिनमधली एक मुलगी नाइटड्रेसवर मुंबईत उतरली होती. पहाटेचा गजर लावा. साडेपाचला डेकवर कुणी नसतं, कामगार फक्त फरशी धूत असतात, आणि पूर्वेला, आपल्या बाजूला, उजाडत जातं.

उतरल्यावर दिवसभर जमीन हलल्यासारखी वाटेल. मी नेरूळ स्टेशनच्या जिन्यावर कठडा धरून उभी राहिले होते. एकदोन दिवसांत जातं ते. त्या दिवशी स्कूटर चालवू नका, बाबा न्यायला येतील.