नाशिकमध्ये राहून सॉफ्टवेअर लायसन्सचं काम आणि त्याचा पगार कसा जोखायचा

नोकरीच्या साइटवर ‘सॉफ्टवेअर अ‍ॅसेट मॅनेजमेंट’ (थोडक्यात ‘सॅम’, म्हणजे कंपनीकडे कोणत्या सॉफ्टवेअरची किती लायसन्स आहेत आणि किती वापरात आहेत याचा हिशेब) टाकून ठिकाण नाशिक निवडलंत, तर हाती फारसं लागणार नाही. म्हणून इथे काम नाही असं समजू नका. मी अंबडच्या एका कारखान्यात आयटी सांभाळते. लायसन्सचा हिशेब माझ्याच टेबलावर असतो, पण माझ्या पदाच्या नावात तो शब्द नाही. सातपूर-सिन्नरकडच्या माझ्या ओळखीतल्या कारखान्यांतही हे काम सिस्टिम अ‍ॅडमिन नाहीतर परचेसवालेच करतात. तेव्हा नाशिकसाठी ‘सिस्टिम अ‍ॅडमिन’, ‘आयटी परचेस’ असं शोधा आणि जाहिरातीत लायसन्स, रिन्यूअल, ऑडिट हे शब्द येतात का ते बघा. पुणे आणि नवी मुंबईसाठी मात्र ‘सॅम अ‍ॅनालिस्ट’, ‘लायसन्स कम्प्लायन्स’, आणि हा हिशेब ठेवणाऱ्या टूल्सची नावं, ‘फ्लेक्सेरा’, ‘सर्व्हिसनाऊ’, टाका.

सापडलेल्या जाहिराती एक्सेलमध्ये उतरवा: शहर, अनुभव, कोणत्या कंपनीचे लायसन्स, कोणतं टूल, पगार. दर महिन्याला त्यात भर घाला. आपल्या भागात मागणी कशाला आहे, हे कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा हा तक्ता नीट सांगतो.

टूल शिकायला वेळ लागत नाही. नियम शिकायला लागतो, आणि पगार वाढतो तो नियमांवर, असं माझं ठाम मत आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर घेतलं, तर दोन कोअरच्या व्हर्च्युअल मशिनलाही (एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने केलेल्या वेगळ्या संगणकालाही) किमान चार कोअर मोजावे लागतात. ओरॅकलने जानेवारी २०२३ पासून जावाचं सबस्क्रिप्शन कर्मचारीसंख्येवर नेलं. म्हणजे ते घ्यायचं झालं, तर जावा तीसच संगणकांवर असलं तरी आकडा अख्ख्या कंपनीचा धरायचा, आणि कंपनीच्या कामावरचे कंत्राटी लोकही त्यात येतात. ऑटोडेस्कच्या ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन माणसाच्या नावावर असतं. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीचे दोन ड्राफ्ट्समन एकाच मशिनवर बसत असले, तरी सबस्क्रिप्शन दोन लागतात. हे शिकायला नाशिकच्या टूलरूमसारखी जागा नाही! मुलाखतीत असं एखादं उदाहरण आकड्यांसह मांडा. यातली एक कंपनी निवडा आणि तिचे नियम मुळापासून वाचा.

आता पगार. पुण्याची वर्षाला ७ लाख २० हजारांची ऑफर म्हणजे महिना ६० हजार नव्हे. बेसिक निम्मा, म्हणजे ३ लाख ६० हजार धरू. कंपनीचा पीएफ ४३,२००, ग्रॅच्युइटी सुमारे १७,३००, आणि दहा टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा, दरमहा हाती न येणारा भाग) असेल तर ७२,००० आधीच बाजूला जातात. मग तुमचा स्वतःचा पीएफ ४३,२०० आणि व्यवसाय कर २,५००. उरले महिन्याला साधारण ४५ हजार. त्यातून हिंजवडी-खराडीकडचं भाडं आणि शनिवार-रविवारी घरी यायचा खर्च वजा करा, आणि घरी राहून मिळणाऱ्या नाशिकच्या पगाराशी ताडून बघा. दोन-तीन वर्षांच्या अनुभवासाठी थोडं कमी उरलं तरी पुण्याला जावं, असं मी सांगेन, कारण मोठ्या कंपनीचं लायसन्स-ऑडिट इथे सहसा बघायला मिळत नाही.

ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला तीन गोष्टी विचारा: व्हेरिएबल मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिलं, घरून काम आठवड्यातून किती दिवस, आणि रिन्यूअलची बोलणी कोण करतं. ती बोलणी तुमच्या टीमकडे असतील, तर पुढच्या पगारवाढीला वाचवलेल्या रकमेचा आकडा तुमच्या हातात असेल.