गुन्हा आणि विचलन: सिद्धांत वापरताना या चुका टाळा

उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘गरिबी, बेकारी आणि वाईट संगत यांमुळे माणूस गुन्हेगार होतो, असं समाजशास्त्र सांगतं.’ समाजशास्त्र असं सांगत नाही. या एका वाक्यात दोन-तीन सिद्धांत कोंबलेले असतात आणि प्रत्येकाचा अर्थ थोडा थोडा बिघडवलेला असतो. असं का होतं? प्रत्येक सिद्धांत हे एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर असतं. आपण उत्तर पाठ करतो आणि प्रश्न विसरतो. मग ते उत्तर भलत्याच ठिकाणी चिकटवलं जातं.

विचलन म्हणजेच गुन्हा, असं धरून चालणं

गुन्हा कायद्याने ठरतो, विचलन लोकांच्या अपेक्षांवरून. अंत्यविधीच्या वेळी मोठ्याने हसणाऱ्याला कोणी अटक करत नाही, पण सगळे त्याच्याकडे वळून बघतात. उलट वेगमर्यादा थोडी ओलांडणं कायद्याच्या विरुद्ध असलं, तरी त्यावरून कोणी नावं ठेवत नाही. उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात हा फरक सुटला की पुढे सगळंच घसरत जातं.

‘गुन्हा सामान्य आहे’ याचा अर्थ ‘गुन्हा चांगला आहे’ असा लावणं

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी 1895 मध्ये हे विधान केलं, तेव्हापासून त्याचा विपर्यास चालू आहे. त्यांचा मुद्दा साधा होता: गुन्हा नाही असा समाज सापडत नाही. साधुसंतांचा समाज कल्पिला, तरी तिथे आपल्याला क्षुल्लक वाटणाऱ्या चुकाच मोठे अपराध ठरतील. पण गुन्ह्याचं प्रमाण वाजवीपेक्षा वाढलं तर ते विकृतीचं लक्षण, हेही त्यांनीच सांगितलं. शिवाय गुन्हा समाजासाठी सामान्य आहे म्हणून गुन्हा करणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या सामान्य ठरत नाही, अशी तळटीपही त्यांनी जोडून ठेवली आहे. तळटिपा वाचायची सवय नसली की असं होतं. दुर्खीम यांचा प्रश्न समाजाबद्दल आहे. एखाद्या चोराबद्दल किंवा खुन्याबद्दल नाही.

मर्टन यांना ‘गरिबीचा सिद्धांत’ समजणं

इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त गुण याच ठिकाणी जातात.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1938 च्या लेखात मांडलं ते असं. समाज सगळ्यांपुढे एकच ध्येय ठेवतो, विशेषतः पैशाचं यश. पण तिथवर पोचण्याचे मान्य मार्ग सगळ्यांना सारखे खुले नसतात. या ओढाताणीतून विचलन वाढतं. नुसत्या गरिबीने ते होत नाही, हे मर्टन यांनी स्पष्ट लिहिलं आहे. जिथे श्रीमंत होण्याची अपेक्षा वरच्या थरापुरतीच मर्यादित असते, तिथे लोक गरीब असूनही गुन्ह्याचं प्रमाण कमी असू शकतं. म्हणजे सिद्धांताचा गाभा कमतरतेत नसून विसंगतीत आहे.

दुसरी चूक, या ओढाताणीला लोक देतात त्या, मर्टन यांनी सांगितलेल्या पाच प्रतिक्रियांबद्दलची. अनुरूपता (ध्येय आणि मार्ग दोन्ही मान्य), नवप्रवर्तन (ध्येय मान्य, मार्ग आडवा), कर्मकांडवाद (ध्येय सोडून नुसते नियम पाळणं), पलायनवाद (दोन्ही सोडणं) आणि बंडखोरी (दोन्ही बदलू पाहणं) या पाचही जणू माणसांच्या जाती आहेत, अशा थाटात त्या लिहिल्या जातात. खरं तर एकच माणूस एका बाबतीत नियमाने चालतो आणि दुसऱ्या बाबतीत आडवाट धरतो. कर्मकांडवादी तर कायदा मोडतही नाही. ध्येय कधीच सोडून दिलेलं असतं, नियम मात्र काटेकोर पाळत राहतो. तरीही मर्टन यांच्या तक्त्यात तो विचलितांमध्येच बसतो. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा गंमत वाटते, आणि विचलन व गुन्हा वेगळे का, हेही आपोआप पटतं.

तिसरी चूक म्हणजे दुर्खीम यांची प्रमाणकशून्यता (ॲनोमी, म्हणजे समाजाच्या नियमांचा धाक सैल पडणं) आणि मर्टन यांची प्रमाणकशून्यता एकच मानणं. शब्द एक, आशय वेगळा. दुर्खीम यांच्या लेखी झपाट्याने बदल होताना इच्छांवरचा लगाम सुटतो. म्हणूनच आर्थिक मंदीप्रमाणे अचानक आलेल्या भरभराटीतही आत्महत्या वाढतात, असं त्यांनी 1897 मध्ये दाखवलं. मर्टन यांच्या लेखी लगाम सुटलेला नसतो. समाज स्वतःच इच्छा पेटवतो आणि वाट अडवतो.

‘वाईट संगत’ हा शब्द

एडविन सदरलँड यांच्या विभेदक साहचर्य सिद्धांताचं हे ढोबळ भाषांतर झालं. त्यांच्या मते माणूस कायदा मोडण्याचं तंत्र आणि तो मोडणं योग्य ठरवणारे अर्थ जवळच्या लोकांशी येणाऱ्या संपर्कातून शिकतो. संपर्क किती वारंवार, किती काळ, किती लहानपणापासून आणि किती जिव्हाळ्याचा, यावर बरंच अवलंबून असतं. तसे अर्थ सज्जन दिसणाऱ्या माणसांकडूनही शिकता येतात. म्हणूनच सदरलँड 1939 मध्ये पांढरपेशा गुन्हेगारीकडे, म्हणजे प्रतिष्ठित लोकांनी आपल्या व्यवसायात केलेल्या गुन्ह्यांकडे वळले. 1949 च्या पुस्तकात त्यांनी 70 मोठ्या कंपन्यांविरुद्धचे निर्णय तपासले. कंपन्यांची नावं मात्र छापता आली नाहीत. ती असलेली पूर्ण आवृत्ती 1983 मध्ये निघाली. गुन्हेगार म्हटल्यावर डोळ्यांपुढे फक्त गल्लीतला भुरटा चोर येत असेल, तर हा मजकूर दोनदा वाचावा.

शिक्क्यालाच गुन्ह्याचं कारण मानणं

हॉवर्ड बेकर यांनी 1963 मध्ये म्हटलं की विचलन कृतीत नसतं. इतर लोक त्या कृतीला काय म्हणतात त्यातून ते घडतं. यावरून विद्यार्थी लिहितात, ‘शिक्का बसल्यामुळे माणूस गुन्हा करतो.’ मग परीक्षक विचारतो: पहिल्यांदा का केला? या प्रश्नावर उत्तर अडतं. एडविन लेमर्ट यांनी 1951 मध्येच प्राथमिक आणि दुय्यम विचलन वेगळं केलं होतं. पहिल्या कृतीमागे काहीही कारण असू शकतं. लोकांच्या प्रतिक्रियेनंतर माणूस स्वतःकडेच त्या नजरेने बघू लागतो, ते दुय्यम. बेकर यांनी स्वतःही नंतर बजावलं की कोणी लुटारू म्हटलं म्हणून लुटारू लूटमार करत नाही. त्यांचा रोख नियम करणाऱ्यांवर जास्त आहे: कोणाचे नियम, ते कोणावर लागू होतात, आणि तीच कृती करून सुटतं कोण.

नोंदलेला आकडा म्हणजे घडलेला गुन्हा

ही चूक विद्यार्थ्यांपेक्षा बातम्या करणारे आणि वाचणारे जास्त करतात. घटना आधी कुणाच्या तरी लक्षात यावी लागते, मग तिची तक्रार व्हावी लागते, मग ती नोंदली जावी लागते. प्रत्येक पायरीवर गळती होते. लैंगिक अत्याचाराच्या नोंदी वाढल्या, तर अत्याचार वाढले असतील किंवा तक्रार करण्याचं धाडस वाढलं असेल. नुसता आकडा बघून हे ठरवता येत नाही. म्हणून काही देशांत ‘तुमच्याबाबत गुन्हा घडला का?’ असं लोकांना थेट विचारणारी पीडित सर्वेक्षणं होतात. ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय सर्वेक्षण 1982 चं. खुनाचे आकडे त्यातल्या त्यात भरवशाचे मानले जातात, कारण मृतदेह लपवणं तक्रार दडपण्याइतकं सोपं नसतं.

आकड्यांचा आणखी एक सापळा आहे. ज्या वस्तीत बेकार जास्त तिथे गुन्हे जास्त, म्हणून गुन्हे बेकारच करतात, हा निष्कर्ष चुकीचा. 1950 मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी अमेरिकी जनगणनेवरून दाखवलं की परदेशात जन्मलेले लोक जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी होती, तर व्यक्तिशः पाहिलं की तेच लोक जास्त निरक्षर निघत. ते स्थायिक झालेल्या राज्यांत इतरांची साक्षरता मुळातच जास्त होती, एवढंच. वस्तीचा आकडा वस्तीबद्दल बोलतो, रहिवाशाबद्दल नाही.

मग उत्तर अडलं की काय करायचं?

एकच प्रसंग घ्या आणि सिद्धांत नाही, प्रश्न बदलून बघा. परीक्षेत कॉपी चालू आहे. मर्टन विचारतील: गुणांवर एवढा भर आहे, पण अभ्यासाची साधनं सर्वांना मिळाली होती का? सदरलँड विचारतील: कॉपी म्हणजे मित्राला मदत, हे या मुलांना कोणी शिकवलं? ट्रॅव्हिस हर्शी 1969 च्या त्यांच्या मांडणीप्रमाणे प्रश्नच उलटा करतील: बाकीची मुलं कॉपी का करत नाहीत? कोणाशी असलेली जवळीक, कोणती गुंतवणूक त्यांना अडवते? आणि बेकर पर्यवेक्षकाकडे बोट दाखवून विचारतील, पकडली गेलेली ती दोनच मुलं का?