गॉथिक, विज्ञानकथेवर प्रबंध लिहिताय? आधी हातातली आवृत्ती बघा

विज्ञानकथा, फॅन्टसी किंवा गॉथिक (भय आणि गूढ यांवर उभं साहित्य) घेऊन लघुप्रबंध किंवा पीएच.डी. करायला निघालात की सुविन, तोदोरोव, मेंडलसन या समीक्षकांची नावं लगेच कानावर पडतात आणि सगळे सिद्धांताच्या मागे धावतात. सिद्धांत थोडा थांबू शकतो. हातातलं पुस्तक कोणत्या आवृत्तीचं आहे, हे मात्र थांबू शकत नाही. चांगले चांगले प्रबंध इथेच लंगडे पडतात आणि ते कळतं थेट तोंडी परीक्षेत.

मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरीच घ्या. व्हिक्टर नावाचा तरुण शास्त्रज्ञ एक प्राणी घडवून जिवंत करतो, त्याची ही गोष्ट. पहिली आवृत्ती 1818 ची, तीन खंडांत, लेखिकेच्या नावाशिवाय. 1831 मध्ये मेरी शेलीने मजकुरात बदल केले आणि पुस्तक एका खंडात आलं. बाजारातल्या स्वस्त प्रतींत बहुधा 1831 चा मजकूर असतो, तर तुम्ही ज्यांचे लेख वाचता त्यातले बरेच अभ्यासक 1818 धरून लिहितात. त्यामुळे लेखातला मुद्दा एका पुस्तकाचा आणि तुमचं अवतरण दुसऱ्याच पुस्तकाचं, असं होऊन बसतं.

प्रत ओळखायची कशी? प्रस्तावना बघून नाही, कारण 1818 ची प्रस्तावना 1831 मध्येही छापलेली आहे. प्रकरणं मोजा. 1818 मध्ये प्रत्येक खंडात क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात आणि एकूण प्रकरणं 23 भरतात. 1831 मध्ये सलग 24 आहेत. तरी शंका राहिली तर व्हिक्टरची पुढे बायको होणारी एलिझाबेथ कथेत येते ती जागा उघडा. 1818 मध्ये ती व्हिक्टरची आत्तेबहीण आहे. 1831 मध्ये ती इटलीत एका गरीब शेतकरी कुटुंबात वाढणारी पोरकी मुलगी आहे आणि व्हिक्टरची आई तिला घरी आणते.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, असं वाटत असेल तर वीज पडून झाड जळून जातं तो प्रसंग दोन्ही आवृत्त्यांत शेजारी ठेवून वाचा. 1818 मध्ये व्हिक्टरचे वडील त्याला वीज समजावून सांगतात, छोटं विद्युतयंत्र बनवतात, पतंग उडवून ढगातली वीज खाली आणतात. 1831 मध्ये वडील बाजूला होतात, निसर्गविज्ञान जाणणारा एक पाहुणा येतो आणि विजेबरोबर गॅल्व्हनिझमबद्दल, म्हणजे विजेने मेलेल्या प्राण्याचे स्नायू हलवण्याच्या प्रयोगांमागच्या कल्पनेबद्दल बोलतो. गॅल्व्हनिझमचा उल्लेख 1831 साठी नव्याने लिहिलेल्या प्रास्ताविकातही आहे. आता 'मेरी शेलीने 1818 मध्ये गॅल्व्हनिझमच्या आधारे जीवनिर्मिती दाखवली' असं वाक्य लिहून तुम्ही 1831 चं अवतरण दिलंत, तर परीक्षकाला दुसरं काही विचारायची गरजच उरत नाही. प्राणी जिवंत होतो त्या प्रसंगात तर दोन्हीकडे फक्त ठिणगीचा उल्लेख आहे, यंत्राचं वर्णन नाही. ते सगळं सिनेमाने भरलंय.

शास्त्रज्ञाची जबाबदारी हा विषय असेल तर आणखी सावध राहा. 1831 चा व्हिक्टर नियतीला जास्त दोष देतो. 1818 मध्ये त्याच्या निर्णयाला जास्त जागा आहे. म्हणजे निष्कर्षच बदलतो. दोन्हींतली एक आवृत्ती आधार म्हणून निवडा, पहिल्याच प्रकरणात कारणासह तसं सांगा, आणि प्रत्येक टिपणावर आवृत्तीचं वर्ष, खंड, प्रकरण, पान या चार गोष्टी त्याच क्षणी लिहा. नंतर लिहू म्हणालात की गेलं.

गॉथिकची सुरुवात ज्या पुस्तकापासून धरतात, त्याचंही असंच आहे. होरेस वॉलपोलने 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' 1764 च्या अखेरीस जुन्या इटालियन ग्रंथाचं भाषांतर म्हणून काढलं. 1765 च्या दुसऱ्या आवृत्तीत लेखक आपणच असल्याचं कबूल केलं, आणि 'गॉथिक कथा' हे उपशीर्षकही तेव्हाच आलं. पहिल्या वाचकांसमोर ते नव्हतं.

मराठी सामग्री घेणाऱ्यांना हाच सापळा वेगळ्या रूपात भेटतो. जयंत नारळीकरांनी 1974 च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. नुसतं नारळीकर शोधत बसलात तर ही सुरुवात हाती लागणार नाही. भयकथाकार नारायण धारपांच्या बाबतीत कथा कोणत्या पुस्तकावर बेतलीय ते आधी तपासा. त्यांची 'लुचाई' ही कादंबरी अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. हे न बघता तिच्यातल्या गावाला 'अस्सल मराठी गॉथिक' ठरवू नका. उलट दोन्ही शेजारी ठेवून काय बदललं, काय गाळलं हे लिहिलंत, तर तेवढ्यावरही उत्तम प्रबंध होतो.

सिद्धांताचं थोडक्यात सांगतो. सुविनचं 1979 चं पुस्तक विज्ञानकथेसाठी, मेंडलसनचं 2008 चं फॅन्टसीसाठी. तोदोरोवची चौकट (1970) संदिग्धतेवर उभी आहे. घटना अलौकिक की नैसर्गिक, हे ठरत नाही तोपर्यंतच ती लागू पडते. पहिल्या पानापासून ड्रॅगन उडत असतील तर ती लावायला जाऊ नका. एक चौकट घ्या आणि ती कुठे अपुरी पडते तेही लिहा.

बडोद्यात असाल तर सोय चांगली आहे. विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय आहेच. जुन्या मराठी पुस्तकांसाठी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जा. सयाजीराव महाराजांच्या काळापासूनची ही संस्था आहे. काउंटरवर 'जुनी विज्ञानकथा दाखवा' असं म्हणू नका. लेखकाचं नाव आणि साधारण दशक लिहून न्या, म्हणजे काम लवकर होतं. आतल्या शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचा, जिथे आवृत्ती आणि मुद्रण छापलेलं असतं, परवानगी घेऊन फोटो काढा.

प्रबंधाचा गाइड विज्ञानकथेचा चाहता असायलाच हवा, असं मला मुळीच वाटत नाही. पहिल्या मसुद्यावर 'ही ओळ कुठल्या पानावर आहे?' असं विचारणाऱ्या मॅडम किंवा सर मिळाले तर त्यांना सोडू नका. नेटवरचे सारांश आणि परीक्षेची गाइडं मात्र लांबच ठेवा, कारण त्यांत दोन्ही आवृत्त्यांची सरळ खिचडी झालेली असते.

हे वाचून छातीत धडकी भरली असेल तर घाबरू नका. लघुप्रबंधाला दोन मूळ कृती पुरतात. प्रकरणं मोजणं आणि एलिझाबेथची जागा बघणं हे दुपारभराचं काम आहे. ज्यांचा अर्धा प्रबंध लिहून झालाय, त्यांनाही सगळं फेकायची गरज नाही. अवतरणांची यादी करा, एकेक ठरवलेल्या आवृत्तीशी ताडून बघा, जुळत नाही ते बदला. एखादं जुळतच नसेल, तर ज्या वाक्याला त्याचा आधार दिलाय ते वाक्यही काढा.